चूक शून्य, इशारा एक

महाराष्ट्रात कळंब नावाची तालुक्याची दोन गावं आहेत. एक धाराशिव जिल्ह्यातलं आणि एक आमचं, यवतमाळ जिल्ह्यातलं. पुण्यात कुणी "कळंबची का?" म्हणून आपुलकीनं विचारलं की आधी जिल्हा सांगावा लागतो आणि मग चिंतामणी. आमच्या कळंबचा गणपती जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्याकडे जायचं आणि समोर कुंड. चतुर्थीला यवतमाळ, वर्धा, नागपूरहून माणसं येतात. त्या वाटेवर बाबांचं नारळ-हारांचं दुकान होतं. आमच्या घरचं वर्ष चतुर्थ्यांवर मोजलं जायचं.

आज मी पुण्यात संगणकाच्या प्रोग्रामांवर पोट भरते. देवावर माझी श्रद्धा आहे, पण या पोटापाण्याचं मूळ शोधायचं तर मला एसटी स्टँडजवळच्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटचा जिना चढावा लागतो. ती सरांची. त्यांना आपलं नाव छापून आलेलं आवडणार नाही, म्हणून इथं नुसतं सरच म्हणते. तसंही गावात त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी ओळखत नाही.

तालुक्याच्या गावात टायपिंग इन्स्टिट्यूट म्हणजे मुलींना संध्याकाळी बिनघोर पाठवता येईल अशी जागा. तीस, चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा, तिचं नाव जीसीसी. पुढे मी ज्या कंपायलरवर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनावर, आयुष्य घालवलं त्याचंही नाव जीसीसीच, याची गंमत मला बऱ्याच वर्षांनी वाटली. सरांकडे इंग्रजी आणि मराठी यंत्रांची रांग होती आणि त्यांना एक खोड होती. टाइप केलेला कागद ते कधी डोळे फिरवून परत करत नसत. पेन्सिल ओळीखाली सरकवत, ओठ हलवत, अक्षर अन् अक्षर वाचत. मागे पाच पोरी ताटकळल्या तरी त्यांची पेन्सिल वेग वाढवत नसे.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरांनी कर्ज काढून एक संगणक आणला. काळा पडदा, डॉस आणि त्यात बोरलँड कंपनीचं टर्बो सी. सर कुठल्याही कॉलेजात संगणक शिकले नव्हते. ते शिकले नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून. विदर्भातच काय, देशभरात एका अख्ख्या पिढीनं सी भाषा याच पुस्तकातून गिरवली. पुस्तक लिहिणारा माणूस आपल्या नागपूरचा आहे, या एका गोष्टीनं सरांना केवढा धीर दिला असेल! "त्यायले जमलं, आपल्याले समजाले का हरकत आहे?" असं ते म्हणत. पुस्तकाच्या पानांवर त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा होत्या, कागदाखाली असायच्या तशाच.

मी अकरावीत होते. टायपिंगची फी बाबांनी कशीबशी भरली होती, संगणकाची भरणं शक्य नव्हतं. सरांनी तो विषयच काढला नाही. सकाळी इन्स्टिट्यूट उघडायची, यंत्रांवरची कापडं काढायची, झाडू मारायचा आणि पहिली बॅच येईपर्यंत संगणक माझा, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी मान हलवली. घरी जाऊन त्यांनी बाबांना काय सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. बाबा मात्र दर चतुर्थीला एक नारळ बाजूला काढून सरांकडे पाठवू लागले.

माझ्यावरच्या ऋणाचा खरा आकार ज्या प्रसंगानं मला कळला, तो उधारीचा होता.

बाजारात एक कृषी केंद्र होतं. आमच्याकडे जूनमध्ये शेतकरी बी-खत उधारीवर उचलतो आणि माल निघाला की फेडतो. मालकानं बाहेरगावच्या एका पोराकडून सी भाषेत उधारीचा प्रोग्राम करून घेतला होता. खातं उघडायचं, उचल केल्याला किती महिने झाले ते प्रोग्राम मोजणार आणि तेवढ्या महिन्यांचं व्याज लावणार. वर्षभर तो चोख चालला. मग खाती वाढली, यंत्र हळू पडलं, गिऱ्हाईक कावू लागलं. मालकानं त्या पोराला सांगून पडद्यावर एक ओळ टाकून घेतली: 'कृपया थोडा वेळ थांबा'. ओळ रोमन लिपीत, मोठ्या अक्षरांत.

त्यानंतर दिवाळीच्या तोंडावर एक शेतकरी कागद घेऊन थेट सरांकडे आला. गावात संगणकाचं काहीही बिघडलं की लोक सरांकडे येत. तो म्हणाला, "सर, म्या जूनमंदी उचल केली. अजून दिवाई नाई झाली अन् हे डबडं मले दोन वर्साचं याज सांगून राह्यलं." सरांनी कागद वाचला, अर्थातच पेन्सिल सरकवत. महिने: चोवीस. दुकानात जाऊन पाहिलं तर सगळ्याच खात्यांना चोवीस महिने. चार महिन्यांच्या उचलीलाही चोवीस आणि कालच्या उचलीलाही चोवीस. ज्यांची उधारी खरोखरच दोन वर्षांची होती, ते अर्थातच गप्प होते.

मालक म्हणाला, व्हायरस आहे. तेव्हा कशालाही व्हायरस म्हणत. सर फ्लॉपीवर मूळ प्रोग्राम घेऊन आले, मला शेजारी बसवलं आणि तो जसाच्या तसा कंपायलरला दिला. चुका शून्य. इशारा एक. खालच्या चौकटीत एकच ओळ: 'फंक्शन शुड रिटर्न अ व्हॅल्यू'. फंक्शन म्हणजे एक ठरावीक काम करणारा प्रोग्रामचा तुकडा. महिने मोजणाऱ्या फंक्शननं उत्तर परत द्यायला हवं होतं, पण ते देत नव्हतं.

फंक्शन अगदी छोटं होतं. वर्षांचा फरक गुणिले बारा, त्यात महिन्यांचा फरक मिळवायचा आणि बेरीज एका चलात ठेवायची. मग थेट महिरपी कंस बंद. उत्तर काढलं होतं, पण 'हे घे उत्तर' असं सांगणारी रिटर्नची ओळच लिहिलेली नव्हती.

मी विचारलं, "मग वर्षभर बरोबर उत्तर कसं येत होतं?" सरांनाही ते लगेच सांगता आलं नाही. त्यांनी ओळी खोडून, पुन्हा घालून, दरवेळी आकडा वहीत टिपून शोध घेतला. कारण हळूहळू उलगडलं, आणि पुढे कॉलेजात ते मला यंत्राच्या भाषेत वाचायला मिळालं. त्या काळच्या प्रोसेसरमध्ये एएक्स नावाचं एक रजिस्टर, म्हणजे आकडा धरून ठेवायची छोटी जागा, होतं. फंक्शननं पूर्णांक परत द्यायचा तर तो एएक्समध्ये ठेवायचा आणि बोलावणाऱ्यानं तिथूनच उचलायचा, असा कंपायलरचा रिवाज होता. योगायोगानं शेवटची बेरीजही एएक्समध्येच झाली होती. रिटर्न नसतानाही उत्तर नेमकं त्याच जागी पडून राहिलं आणि बोलावणाऱ्यानं ते बिनदिक्कत उचललं. वर्षभराचा चोख हिशेब निव्वळ नशिबावर चालला होता.

मग ती 'कृपया थोडा वेळ थांबा' ही ओळ आली, आणि ती नेमकी याच फंक्शनमध्ये, बेरजेच्या खाली, घातली गेली. सी भाषेत पडद्यावर छापणाऱ्या प्रिंटएफ या फंक्शनलाही एक उत्तर परत द्यायचं असतं, ते म्हणजे आपण किती अक्षरं छापली. ते उत्तर एएक्समध्येच येतं आणि कुणी सहसा ते वाचत नाही. रोमन लिपीतली ती ओळ मोकळ्या जागा धरून मोजली तर बरोबर 24 अक्षरं भरतात. बेरजेचं उत्तर पुसलं गेलं आणि त्याच जागी 24 येऊन बसले. गावातल्या झाडून सगळ्या शेतकऱ्यांना लावलेली दोन वर्षांची थकबाकी म्हणजे त्या विनम्र ओळीची लांबी होती.

सरांनी रिटर्नची ओळ घातली. इशारा गेला, महिने बरोबर आले. दुकानदारानं चहा पाजला. शेतकऱ्याचं व्याज वाचलं आणि तो आपल्या वाटेनं गेला. प्रसंग इथं संपला असता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मला तो दुरुस्त न केलेला प्रोग्राम पुन्हा चालवायला लावला, ती छापायची ओळ काढून. उत्तर बरोबर आलं: चार महिने.

"आता सांग, हा प्रोग्राम बरोबर आहे का?"

"उत्तर तर बरोबर आहे, सर."

"उत्तर बरोबर आलं म्हून प्रोग्राम बरोबर झाला का वं? मशीन पयल्या दिवसापासून सांगून राह्यली, 'रिटर्न नाई, रिटर्न नाई'. थे कोनं वाचलंच नाई. चुका शून्य पायल्या अन् उठले."

त्या दिवसापासून नियम झाला. चुका शून्य असल्या तरी इशाऱ्यांचा आकडा शून्य होईपर्यंत प्रोग्राम चालवायचा नाही. प्रत्येक इशारा मोठ्यानं वाचायचा, तो काय म्हणतोय ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि मगच दुरुस्ती करायची. बॅचमधली पोरं वैतागत. इतर क्लासमध्ये पोरं धडाधड प्रोग्राम चालवून मोकळी होत आणि आम्ही अजून इशाऱ्यांचं पारायण करत बसलेलो.

यवतमाळला इंजिनिअरिंगला गेल्यावर मला प्रश्न पडला की एवढी उघड गोष्ट कंपायलर मुळात चालवून का घेतो? चूक म्हणून अडवत का नाही? उत्तर इतिहासात आहे. बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी सी भाषा घडवली तेव्हा तिच्यात 'व्हॉइड', म्हणजे 'हे फंक्शन काहीच परत देत नाही' असं सांगायची सोयच नव्हती. कर्निघन आणि रिची यांच्या 1978 च्या पुस्तकातही ती नाही. फंक्शनचा प्रकार लिहिला नाही तर ते पूर्णांक देणारं समजलं जाई. त्यामुळे नुसतं काहीतरी छापणारी, काहीतरी पुसणारी असंख्य फंक्शनं कागदोपत्री पूर्णांक देणारी होती आणि प्रत्यक्षात काहीच देत नव्हती. 1989 मध्ये अमेरिकी मानक संस्थेनं भाषेचे नियम ठरवले तेव्हा हा सगळा जुना माल अवैध ठरवणं परवडणारं नव्हतं. मग तडजोड झाली: फंक्शन उत्तर न देता संपलं तरी चालेल, पण बोलावणाऱ्यानं ते न दिलेलं उत्तर वापरलं तर पुढे जे होईल त्याला भाषा जबाबदार नाही. मानकाच्या भाषेत 'अनडिफाइन्ड बिहेविअर'. म्हणजे हात वर. 1999 च्या आवृत्तीनं बरेच जुने लाड बंद केले. प्रकार न लिहिणं गेलं, उत्तर द्यायच्या फंक्शनमध्ये नुसतं कोरडं रिटर्न लिहिणंही गेलं. शेवटच्या कंसापर्यंत घसरत जाण्याची मुभा मात्र राहिली.

हे सगळं समजून घ्यायला माझ्या हाती मुंबई आयआयटीचे प्राध्यापक धनंजय धामधेरे यांचं 'सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम्स' हे पाठ्यपुस्तक होतं. वाचनालयातली प्रत जीर्ण होती आणि मी ती परत करायला उशीर करत असे. कंपायलर ही कुणीतरी दूर परदेशात करायची गोष्ट नाही, मुंबईतला एक मराठी माणूस त्यावर शोधनिबंध लिहितो, विद्यार्थी घडवतो, हे त्या पुस्तकानं मला दाखवलं. सरांना कानेटकरांच्या पुस्तकानं दिला तोच धीर मला या पुस्तकानं दिला.

त्याच वर्षी आम्हाला जावा ही भाषा लागली. जावा या बाबतीत सोवळी. उत्तर द्यायचं कबूल केलेल्या फंक्शनचा एक जरी रस्ता उत्तराशिवाय शेवटापर्यंत पोहोचत असेल तर ती प्रोग्राम तयारच करू देत नाही. 'मिसिंग रिटर्न स्टेटमेंट', आणि काम ठप्प. सुट्टीत कळंबला आले तेव्हा मी सरांना हे मोठ्या उत्साहात सांगितलं. मला वाटलं, ते खूश होतील. आता इशारे वाचायची गरजच नाही, भाषाच अडवते.

सर खूश झाले नाहीत. म्हणाले, "मंग पोट्टे काय करतात?"

काय करतात ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या वर्गात कंपायलरनं अडवलं की अर्धा वर्ग शेवटी 'रिटर्न झिरो' टाकून मोकळा होई. कंपायलर गप्प, सर्वांचे प्रोग्राम सुरू. सरांनी माझ्याकडून हे वदवून घेतलं आणि म्हणाले, "त्या दुकानात कोनं झिरो टाकला असता तं? साऱ्यायले शून्य महिने. शेतकरी खूश, मालक बुडाला, अन् इशारा बी नाई."

ही गोष्ट मला कुठल्याच पुस्तकात इतकी स्वच्छ सापडलेली नाही. फंक्शननं काहीतरी परत दिलं आहे एवढीच खात्री कंपायलर करू शकतो. जे दिलं ते खरं आहे का, हे तो सांगू शकत नाही. ते लिहिणाऱ्याला बघावं लागतं. न दिलेलं उत्तर निदान कधीतरी उघडं पडतं. तोंडदेखलं दिलेलं उत्तर वर्षानुवर्षं खपतं.

शिवाय कंपायलरचीही एक मर्यादा आहे, आणि ती त्याच्या आळसातून आलेली नाही. समजा एक फंक्शन महिन्यावरून तिमाही सांगतं. एक ते तीन, चार ते सहा, सात ते नऊ आणि दहा ते बारा, चारही अटी लिहिल्या, प्रत्येकीत उत्तर दिलं. माणसाला ठाऊक आहे की तेरावा महिना येत नाही. कंपायलरला फक्त एक पूर्णांक दिसतो, तो तेराही असू शकतो. म्हणून तो पाचवा, उत्तराविना संपणारा रस्ता धरून चालतो. प्रत्येक प्रोग्रामचा कुठला रस्ता खरोखर चालला जाईल हे आधीच अचूक सांगणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे ॲलन ट्युरिंगनं 1936 मध्ये केलेल्या सिद्धतेतून निघतं. त्यामुळे आधीच तपासायचं तर भाषा रचणाऱ्यापुढे दोनच पर्याय उरतात: काही निर्दोष प्रोग्रामांनाही अडवायचं, जसं जावा करते, किंवा काही सदोष प्रोग्राम इशारा देऊन सोडायचे, जसं सी करते. पायथनसारख्या भाषा तिसरीकडून जातात. तिथं रिटर्न नसलेलं फंक्शन 'नन' नावाची रिकामी वस्तू परत देतं आणि घोटाळा झाला तर प्रोग्राम चालताना कळतो.

नोकरीला पुण्यात आले आणि सी प्लस प्लसशी गाठ पडली. तिचा नियम सीपेक्षा कडक. उत्तर न वापरलं तरी सुटका नाही. उत्तर द्यायचं फंक्शन उत्तराविना शेवटाला पोहोचलं की तिथंच भाषा हात वर करते. अपवाद फक्त 'मेन'चा, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो त्या फंक्शनचा; तिथं शून्य गृहीत धरतात. कितीतरी वर्षं या नियमाचा कुणाला फारसा चटका बसला नाही, कारण कंपायलर तो नियम वापरून काही करत नव्हते. एएक्सच्या वारसदार रजिस्टरमध्ये जे असेल ते परत जाई आणि गाडी पुढे सरके.

2018 मध्ये जीसीसीची आठवी आवृत्ती आली. आम्ही एक जुनं, अनेक हातांतून आलेलं काम तिच्यावर हलवलं. त्यातलं दहा फेऱ्या मारून थांबणारं एक चक्र थांबेचना. यादी छापून झाली तरी पुढे चालूच, मग स्मृतीच्या हद्दीबाहेर, मग कोसळणं. कंपायलरला दिलेली वेग वाढवायची सूचना काढली की सगळं सुरळीत. मंडळी म्हणाली, कंपायलरमध्ये दोष आहे. मी इशाऱ्यांची यादी उघडली. शेकडो इशारे होते आणि ते वाचायची कुणाला सवय नव्हती. मी वरून एकेक वाचत गेले, आपल्या शब्दांत अर्थ लावत. त्यात ते वाक्य होतं: 'कंट्रोल रीचेस एंड ऑफ नॉन-व्हॉइड फंक्शन'. चक्र असलेल्या त्या फंक्शनला उत्तर द्यायचं होतं आणि चक्राखाली रिटर्न नव्हतं.

नवा कंपायलर असा विचार करत होता: उत्तराविना शेवटाला पोहोचणं भाषेला मंजूर नाही. म्हणजे या फंक्शनचा शेवट कधीच येत नाही. चक्र संपलं तर शेवट येईल, म्हणजे चक्र कधीच संपत नाही. मग 'दहा फेऱ्या झाल्या का' ही तपासणी हवी कशाला? आणि त्यानं ती काढून टाकली. चक्र नसलेल्या फंक्शनमध्ये हाच तर्क वेगळं रूप घेतो. परत फिरायची आज्ञाच गाळली जाते आणि प्रोग्राम सरळ स्मृतीत शेजारी असलेल्या भलत्याच फंक्शनमध्ये शिरतो, बांध फुटला की पाटाचं पाणी शेजाऱ्याच्या वावरात घुसतं तसा. क्लँग हा दुसरा कंपायलर तर त्याआधीपासूनच असं वागत होता. यात कंपायलरचा कावा नाही. वेगासाठी तो नियमाचा शब्द न् शब्द खरा मानतो, एवढंच. त्याच आठव्या आवृत्तीपासून जीसीसीनं सी प्लस प्लससाठी हा इशारा न मागता द्यायला सुरुवात केली, हेही सांगायला हवं. सीसाठी तो आजही 'डब्ल्यू-ऑल' लिहून मागून घ्यावा लागतो.

त्या संध्याकाळी मी सरांना फोन केला. गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकली आणि एवढंच विचारलं, "इशारा होता ना?" मी म्हटलं, होता. "मंग झालं तं."

माझ्या डोक्यावरची ऋणं मी कधीकधी मांडून बघते तेव्हा ती कळंबपुरती राहत नाहीत. तो इशारा कंपायलरला देता येतो, कारण प्रोग्रामातल्या सगळ्या वाटांचा नकाशा काढायची रीत कुणीतरी बसवली. आयबीएमच्या फ्रान्सिस ॲलन यांनी 1970 मध्ये त्यावर पायाभूत निबंध लिहिला. 2006 चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. जीसीसी त्या नकाशात फंक्शनच्या दारापर्यंत येणाऱ्या वाटा तपासतं, आणि एखादी रिकाम्या हातानं आलेली दिसली की बोलतं. ही विद्या आपल्याकडे मुंबई आयआयटीत रुजली. धामधेरे आणि उदय खेडकर यांचा या विषयावरचा निबंध 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे खेडकर, अमिताभ संन्याल आणि बागेश्री करकरे यांचं 'डेटा फ्लो ॲनालिसिस' हे पुस्तक 2009 मध्ये आलं. खेडकरांनी जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. त्यांची टिपणं खुली असल्यामुळे माझ्यासारखीला घरबसल्या वाचता आली. यांतल्या कुणाशी माझी ओळख नाही. तरी माझ्या रोजच्या भाकरीत यांचा वाटा आहे.

पण हे सगळं मला वाचता आलं, कारण वाचायची सवय आधी कुणीतरी लावली होती. पेन्सिल ओळीखाली सरकवत.

सरांची टायपिंगची यंत्रं केव्हाच भंगारात गेली. सरकारी परीक्षाही संगणकावर आली. 2001 नंतर एमएस-सीआयटीच्या बॅचनी इन्स्टिट्यूट तगवली. आता ती त्यांची सून चालवते आणि सर दुपारी येऊन बसतात. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा–कळंब रेल्वेमार्गाचं उद्घाटन झालं आणि आमच्या गावाला गाडी आली. त्यानंतरच्या फेरीत मी इन्स्टिट्यूटला काही संगणक देऊ केले. ते त्यांनी घेतले. 'फी समजा' म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं, पण तसं काही ते म्हणाले नाहीत. मी सगळ्या यंत्रांवर असं बसवून दिलं की रिटर्न राहिलं तर इशारा न येता थेट चूक यावी आणि प्रोग्राम बनूच नये. कामावर आम्ही तेच करतो, आणि जिथं माणसांच्या पैशाचा, औषधाचा, प्रवासाचा हिशेब आहे तिथं तेच करावं असं माझं आजही मत आहे.

सरांनी सुनेला सांगून नवख्या पोरांच्या यंत्रांवरून ते काढायला लावलं. "आधी वाचू दे. मंग लाव." आमचा यावर वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. पोरं झिरो टाकून मोकळी होतील ही त्यांची भीती खरी आहे. इशारा न वाचता पुढे जातील ही माझी भीतीही खरी आहे. मी दिलेले संगणक माझ्या मतानं चालत नाहीत, त्यांच्या मतानं चालतात, आणि मला ते योग्यच वाटतं. त्या जागेत शिकवायचा हक्क त्यांचा आहे.

सरांचं ऋण फिटेल असं मला वाटत नाही आणि ते फेडावं अशी त्यांची अपेक्षाही नाही. म्हणून त्यांच्या वतीनं वाचकाला एक विनंती करते. तुमच्या घरी कुणी प्रोग्रामिंग शिकत असेल तर त्याला 'चाललं का?' एवढंच विचारू नका. 'इशारे किती आले, आणि पहिला काय म्हणतोय ते वाचून दाखव' असंही विचारा. तुम्हाला त्यातलं काही कळलं नाही तरी हरकत नाही. त्याला ते वाचावं लागेल.